घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

लग्नघरी रात्री अंथरुणे पडतात तेव्हा एक गोष्ट न चुकता होते. चाचांची गादी सर्वांपासून लांब, ओसरीवर किंवा जिन्याखाली घातली जाते. "त्यांचे इंजिन सुरू झाले की कोणाचा डोळा लागायचा नाही," असे कोणीतरी म्हणते. सगळे हसतात, चाचाही हसतात. घोरणे हा आपल्या घरांत थट्टेचा विषय आहे. उलट जो मोठ्याने घोरतो तो दिवसभर कष्ट करून आला आहे, त्याला गाढ झोप लागली आहे, असेच आपण समजतो.

या महिन्यात आपण याच समजुतीविषयी बोलू. घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. सर्दी झाली, नाक चोंदले, उताणे झोपलो तर कोणीही घोरेल. पण काही माणसांच्या घोरण्यात एक वेगळी खूण असते. घोरणे वाढत जाते आणि एकदम थांबते. खोलीत शांतता पसरते. ऐकणाऱ्याला हायसे वाटते. दहा, वीस, कधी तीस सेकंदांनी मोठा घुसमटल्यासारखा आवाज होतो, अंग हलते आणि घोरणे पुन्हा सुरू होते. ती मधली शांतता ही खरी काळजीची गोष्ट आहे, कारण तेवढा वेळ त्या माणसाचा श्वास बंद असतो. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'श्वासाविना'.

श्वास अडतो कसा

आपल्या टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा गळा ही एक मऊ नळी आहे. तिला फासळ्यांसारखा हाडांचा आधार नाही. ती उघडी राहते ती भोवतालच्या स्नायूंमुळे. जागेपणी हे स्नायू ताठ असतात. झोप लागली की अंगातले सगळे स्नायू सैल होतात, तसे हेही होतात. उताणे झोपल्यावर जीभ मागे सरकते. त्यात गळ्याभोवती चरबी असेल, जबडा लहान किंवा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, तर नळी आणखी अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना टाळू फडफडतो, तेच घोरणे. वाट पूर्ण मिटली तर ॲप्निया.

सरबत पिताना कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली की ती जोराने ओढताच चिकटून बसते. मग कितीही ओढा, थेंब येत नाही. गळ्याचे तसेच होते. छाती आणि पोट श्वास ओढण्यासाठी धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. मेंदूला धोक्याचा इशारा मिळतो आणि तो माणसाला क्षणभर जागे करतो. गळ्याचे स्नायू ताठ होतात, वाट उघडते, घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतला जातो आणि पुन्हा झोप लागते. हे जागे होणे काही सेकंदांचे असते. सकाळी त्याची आठवणही राहत नाही. म्हणूनच घोरणारा माणूस शपथेवर सांगतो, "मी तर रात्रभर छान झोपलो."

निदान दहा सेकंद श्वास थांबला तर डॉक्टर त्याला एक ॲप्निया धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी झाला आणि त्यामुळे प्राणवायू उतरला किंवा झोप मोडली, तर तोही मोजला जातो. तासाला असे किती प्रसंग होतात यावर आजाराची पातळी ठरते. मोठ्या माणसांत तासाला पाचपेक्षा कमी म्हणजे ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तासाला ३० याचा अर्थ दर दोन मिनिटांनी एकदा. वर्गात दर दोन मिनिटांनी कोणी दार वाजवले तर तो तास होईल का? मुले बाकावर बसलेली असतील, फळ्यावर अक्षरेही असतील, पण शिकणे काही होणार नाही. अशा माणसाची झोप तशीच असते. आठ तास अंथरुणात पडलेला असतो, पण झोपेचे काम होत नाही.

दुसराही एक प्रकार आहे. त्यात गळा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच जात नाही. हृदय कमजोर झालेल्यांत, पक्षाघातानंतर किंवा अफूवर्गीय वेदनाशामक औषधे घेणाऱ्यांत तो दिसतो. तो कमी आढळतो. आपण इथे गळा मिटण्याच्या प्रकाराविषयीच बोलणार आहोत.

हा आजार आपल्याकडे आहे का

अनेकांना वाटते की हा श्रीमंत देशांतला, फार लठ्ठ माणसांचा आजार आहे. मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली आणि ती २००४ साली प्रसिद्ध झाली. ही माणसे झोपेची तक्रार घेऊन आलेली नव्हती, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आली होती. त्यांच्यात १९.५ टक्के जणांना झोपेत श्वासाचा अडथळा होता आणि ७.५ टक्के जणांना अडथळ्याबरोबर दिवसा पेंगही येत होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असाच, म्हणजे पेंगेसह असलेला आजार पुरुषांत ४ टक्के आणि स्त्रियांत २ टक्के आढळला होता. म्हणजे आपण मागे नाही.

वजन हे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण बारीक माणसालाही हा आजार होतो. जबड्याची ठेवण, मानेची जाडी, नाकातले वाकडे हाड, थायरॉइडची कमतरता, वाढते वय, घराण्यात चालत आलेली गळ्याची रचना, ही सगळी कारणे आहेत. त्यामुळे "ते कुठे जाडे आहेत?" हे उत्तर पुरेसे नाही.

रात्रीचे नुकसान, दिवसाची किंमत

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच सुट्टी मिळते. ज्याचा श्वास अडतो त्याला ही सुट्टी मिळत नाही. प्रत्येक वेळी प्राणवायू उतरला की शरीर घाबरल्यासारखे वागते, हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब उसळतो. असे एका रात्रीत शंभर-दोनशे वेळा, वर्षानुवर्षे. हळूहळू दिवसाचाही रक्तदाब चढा राहू लागतो. तीन-तीन गोळ्या वेळेवर घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा आजार पुष्कळदा सापडतो. हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांच्या डॉक्टरांनी छातीच्या संसर्गाबरोबर स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले, तेव्हा अनेक घरांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

एक लक्षण असे आहे की ते झोपेशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे. मिटलेल्या गळ्यातून श्वास ओढताना छातीत जो ताण पडतो त्याने हृदयाच्या कप्प्यावर ओढ येते. हृदयाला वाटते अंगात पाणी फार झाले, आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकण्याचा निरोप धाडते. आपण मात्र दोष साखरेला, प्रोस्टेटला किंवा वयाला देतो. ती कारणेही असतात, त्यांची तपासणी हवीच. पण घोरण्याबरोबर हे होत असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात.

सकाळी डोके जड, तोंड कोरडे. दुपारी हिशेबाच्या वहीवर, बसमध्ये, बयान ऐकताना मान खाली. स्वभाव चिडका. नावे विसरणे, हातातले काम अर्धे सोडणे. घरचे म्हणतात, "अब्बांना हल्ली कशात रसच नाही." आळस, वय, चिंता अशी नावे त्याला दिली जातात. मूळ रात्रीत आहे हे कोणी पाहत नाही, कारण रात्री सगळे झोपलेले असतात. जागी असते ती फक्त शेजारी झोपणारी व्यक्ती. बहुतेक वेळा ती बायको असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

एका व्हॅनची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक व्हॅनवाले आहेत. सकाळी मुलांना शाळेत सोडतात, दुपारी घरी पोचवतात. त्यांच्या संमतीने ही हकिगत लिहितो. वय ४३, अंगाने मध्यम, कसलेही व्यसन नाही. गेल्या वर्षी पालकसभेनंतर त्यांची पत्नी थांबली. मुलीच्या गुणांविषयी बोलता बोलता म्हणाली, "आपा, माझीच झोप होत नाही. रात्री यांचा श्वास बंद पडतो. मी मोजत बसते. पंचवीसपर्यंत आकडा गेला की हलवून उठवते."

आम्ही विचारले, "दवाखान्यात नेले नाही?"

"येत नाहीत. म्हणतात, झोपेचा आजार आहे असं कळलं तर आपली पोरं माझ्या गाडीत कोण बसवेल?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. घरात कमावते ते एकटेच होते आणि गाडीचे हप्ते अजून फिटायचे होते. पण दुसऱ्या बाजूला त्या गाडीत रोज चौदा मुले बसत होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्यांना थांबवून सरळ विचारले, गाडी चालवताना डुलकी येते का. बराच वेळ ते स्टीअरिंगकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सिग्नलला येते, आपा. एकदा पुलावर आली होती. मुलं उतरली होती तेव्हा."

त्यावर काय करायचे हा प्रश्न सोपा नव्हता. गप्प बसणे शक्य नव्हते आणि सगळ्यांना सांगत सुटणे योग्य नव्हते. शेवटी मुख्याध्यापकांसमोर तिघांनी बसून ठरवले. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी गाडीला हात लावायचा नाही. त्यांचा मेहुणा चालवेल, मिळकतीचा थोडा भाग तो घेईल. पालकांना त्यांनी स्वतःच कळवायचे. तपासणीत आकडा आला तासाला ४६. हप्त्यांवर यंत्र घेतले. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी लेखी दिले तेव्हा ते पुन्हा गाडीवर बसले. दोन पालकांनी तोवर मुले दुसरीकडे घातली होती, ती परत आली नाहीत. बाकीची राहिली.

हे लिहिण्याचे कारण एवढेच की आपल्या घरांतली कितीतरी माणसे रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवतात, यंत्रमागावर रात्रपाळी करतात, बांधकामाच्या परातीवर उभी राहतात. उपचार न घेतलेल्या ॲप्नियात वाहन अपघाताचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रोजी जाईल या भीतीने माणूस आजार लपवतो. पण या आजारात उपचार घेतलेला चालक पुन्हा काम करू शकतो. धोका तपासणी झालेल्या चालकाचा नसतो, ज्याची कधी झालीच नाही त्याचा असतो. हे घरच्यांनी आणि मालकांनी, दोघांनीही समजून घेतले पाहिजे.

बायका आणि मुले

पुरुषांत हा आजार जास्त दिसतो हे खरे, पण बायकांत तो जास्त लपतो. त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे, मन उदास राहणे ही लक्षणे पुढे असतात. पाळी बंद झाल्यावर धोका वाढतो. पीसीओएस, थायरॉइड किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असेल तर विशेष लक्ष हवे. "मी घोरते" हे सांगायची बायकांना लाज वाटते, आणि थकवा तर घरकामाचाच असणार असे सगळे धरून चालतात. अम्मी दुपारी भाजी निवडताना बसल्या बसल्या झोपत असतील तर ते हसण्यावारी नेऊ नका.

मुलांचे रूप आणखी वेगळे. वर्गात आम्हाला अशी मुले भेटतात. तोंड सतत उघडे, डोळ्यांखाली काळी छाया, बोलणे नाकातून. मोठी माणसे पेंगतात. ही मुले पुष्कळदा उलट वागतात. एका जागी बसत नाहीत, चिडतात, लक्ष लागत नाही, आणि शिक्का बसतो 'मस्तीखोर' म्हणून. घरी विचारले तर कळते की मूल रात्री घोरते, मान मागे टाकून झोपते, घामाने भिजते, सात-आठ वर्षांचे झाले तरी अंथरूण ओले करते. मुलांमध्ये बहुधा कारण असते वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागची ॲडेनॉइडची गाठ. मोठ्यांसाठी तासाला पाचपर्यंत ठीक मानतात, मुलांसाठी मात्र एकच्या वर गेले तरी डॉक्टर लक्ष घालतात.

शस्त्रक्रिया म्हटले की आई-वडील घाबरतात. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा एक अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना देखरेखीखाली ठेवले. सात महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली, नुसत्या देखरेखीतल्यांपैकी ४६ टक्क्यांची. वागणूकही पहिल्या गटाची जास्त सुधारली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. शस्त्रक्रिया उपयोगी आहे, पण प्रत्येक मुलाला ती तातडीने लागेलच असे नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून निर्णय घ्यावा, आणि तोवर शिक्षकांना सांगून ठेवावे. कारण माहीत असलेल्या शिक्षकाची त्या मुलाकडे पाहण्याची नजर बदलते.

ओळखायचे कसे

कॅनडातल्या भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक साधी यादी तयार केली. ती आता जगभर वापरली जाते. घरी बसून विचारता येतील असे हे प्रश्न आहेत.

१. बंद दारातून ऐकू येईल इतके मोठ्याने घोरता का?
२. दिवसा थकवा किंवा पेंग येते का?
३. झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का?
४. रक्तदाब आहे किंवा त्यावर गोळी चालू आहे का?
५. वजन उंचीच्या मानाने फार जास्त, म्हणजे बीएमआय ३५ च्या वर आहे का?
६. वय ५० च्या पुढे आहे का?
७. मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का?
८. पुरुष आहात का?

तीन किंवा अधिक 'हो' आले तर डॉक्टरांशी बोलावे. पाच किंवा अधिक आले तर टाळाटाळ करू नये. मान मोजायला शिलाईची टेप पुरते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देता येत नाही, ते घरच्यांनीच द्यायचे. मोबाइलवर दहा मिनिटांचे चित्रण केले तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. मात्र ते त्या माणसाला सांगून करावे आणि डॉक्टरांनाच दाखवावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून हशा पिकवू नये. एकदा हसे झाले की तो माणूस दवाखान्यात येणार नाही.

पक्के निदान झोपेच्या तपासणीने होते. रुग्णालयात एक रात्र झोपवून डोके, डोळे, हनुवटी, छाती, पोट यांना तारा आणि पट्टे लावतात, नाकाशी हवेचा प्रवाह मोजतात, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. दुखत काहीच नाही, सुई नसते. अनेक रुग्णांसाठी आता घरी नेण्याचे छोटे यंत्रही मिळते, त्याचा खर्च कमी येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी छातीरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्याकडे चौकशी करावी. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले सरकारी रुग्णालय जवळ असेल तर तिथे आधी विचारावे.

उपाय

१९८१ पूर्वी तीव्र ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला बाहेरून भोक पाडून नळी बसवणे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी एक साधी कल्पना प्रसिद्ध केली. नाकावर मास्क बसवून त्यातून हवेचा हलका दाब सतत द्यायचा. त्या हवेने गळा आतून फुगलेला राहतो, जशी हवा भरलेली सायकलची ट्यूब चपटी होत नाही. पहिली यंत्रे त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीपासून बनवली होती. आजचे सीपॅप यंत्र याच कल्पनेवर चालते. ते बिछान्याजवळ मावते आणि आवाज पंख्याहून कमी करते.

याविषयी काही गैरसमज आहेत. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचे सिलिंडर नव्हे, त्यात खोलीतलीच हवा असते. त्याची नशा किंवा सवय लागत नाही. चष्मा लावला की दिसते, काढला की नाही, तसेच हे आहे. दाढी असलेल्यांना वाटते की मास्क बसण्यासाठी दाढी काढावी लागेल. तशी गरज नाही. मोठ्या मास्कमधून दाढीमुळे हवा गळू शकते, पण फक्त नाकपुड्यांशी बसणारा लहान मास्क मिळतो. विकत घेण्याआधी दोन-तीन प्रकार लावून पाहावेत.

खर्च कमी नाही. साध्या यंत्रालाही काही दहा हजार रुपये लागतात. म्हणून आधी महिनाभर भाड्याने मिळते का ते पाहावे, आणि नोकरीत वैद्यकीय परताव्याची सोय असेल तर चौकशी करावी. यंत्र आणून कपाटात ठेवण्याचा काही उपयोग नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, २,७०० हून अधिक हृदयरुग्ण आणि पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या अभ्यासात यंत्राने हृदयविकार कमी झाले नाहीत. पण ती माणसे रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र लावत होती. दिवसाची पेंग आणि मनाची उदासी मात्र तेवढ्यानेही कमी झाली. तात्पर्य, यंत्र जादू करत नाही आणि अर्ध्या रात्रीचे यंत्र अर्धेच काम करते. पहिले दोन आठवडे त्रासाचे असतात. त्या दिवसांत घरच्यांनी "हत्तीची सोंड" वगैरे विनोद टाळले तर मोठी मदत होते.

सौम्य आजारात दुसरे मार्गही आहेत. दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी पट्टी बनवतात. काहींचा श्वास उताणे झोपल्यावरच अडतो, त्यांनी कुशीवर झोपावे. कुर्त्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवला की उताणे होताच तो टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. वजन दहा टक्के कमी झाले तर श्वास अडण्याचे प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटते, असे विस्कॉन्सिनच्याच पुढच्या अभ्यासात २००० साली दिसले. ८० किलोच्या माणसाला हे ८ किलो होतात, अशक्य नाहीत. अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरमध्ये लठ्ठपणासह असलेल्या ॲप्नियासाठी टर्झेपटाइड या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेण्याची वस्तू नाही. धूम्रपान सोडावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, कारण काही गोळ्या गळ्याचे स्नायू आणखी सैल करतात. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याविषयी आवर्जून सांगावे.

रमजान आणि सफर

रमजानमध्ये झोपेचे तुकडे होतात. तरावीहनंतर थोडी, फजरनंतर थोडी, दुपारी डुलकी. यंत्र वापरणारे पुष्कळ जण सहरीला मास्क काढतात आणि फजरनंतर तसेच आडवे होतात. हे टाळावे. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो, त्या वेळी स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वास जास्त अडतो. रात्री उठून पुन्हा झोपणाऱ्याने बारा महिने हाच नियम पाळावा, जितक्या वेळा झोप तितक्या वेळा मास्क. यंत्राला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी जोडलेली असते. ती न वापरताही यंत्र चालते. रोज्यात दिवसा ते लावण्याविषयी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना यंत्र कसे चालते ते नीट सांगून विचारावे, आणि गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्लाही त्यांना सांगावा. शंकेपोटी महिनाभर यंत्र बंद ठेवणे हा मार्ग नव्हे. इफ्तारनंतरचे तळलेले आणि सहरीचे भरपेट जेवण करून लगेच आडवे होणेही श्वासाला त्रासाचे ठरते.

हज-उमराला जाणाऱ्यांनी यंत्र हातातल्या सामानात घ्यावे, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी आणि झोपण्याच्या जागी विजेचा प्लग मिळेल का हे टूरवाल्यांना आधीच विचारून घ्यावे. थकव्याच्या त्या दिवसांतच यंत्राची गरज जास्त असते.

या आठवड्यात एकच काम करा. घरात जे मोठ्याने घोरतात त्यांच्याजवळ रात्री दहा मिनिटे जागे बसा. आवाजाकडे नव्हे, मधल्या शांततेकडे कान द्या. शांतता पडली तर सेकंद मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. दहाच्या पुढे आकडा पुन्हा पुन्हा जात असेल तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ज्या घरात कोणी आधीच असे मोजत जागे राहत असेल, तिथे उद्या सकाळी तिला विचारा, रात्री किती आकडा आला.